बिसाहू मास्टरांच्या गती

फिडलताई व्हायोलिन उभ्याने वाजवायच्या. आपल्याकडे व्हायोलिन म्हटलं की मांडी घालून बसलेला, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवलेला कलाकार डोळ्यांपुढे येतो. ताई मात्र रायपूरच्या बुढापारा भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याकडे पाठ करून, पदर खोचून उभ्या राहायच्या आणि शिकायला येणाऱ्यालाही उभं करायच्या. बारा वर्षांची मी पहिल्या दिवशी खाली बसायला गेले, तर म्हणाल्या, "ऊठ. आमचे मास्टर मांडवाच्या दारात चार चार तास उभे राहून वाजवत होते. तुले उभं राहणं नाही होत काय?"

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कोणी घेत नसे. रेल्वेच्या ऑफिसात त्यांनी उभी हयात काढली, लग्न केलं नाही, आणि संध्याकाळी घरातून येणाऱ्या त्या आवाजामुळे मराठी घरांतून त्या फिडलताई झाल्या, बाकीच्यांच्या फिडलवाली दीदी.

मास्टर म्हणजे बिसाहू मास्टर. ताईंचे वडील मालधक्क्यावर बाबू होते, त्यामुळे ताईंचं लहानपण गुढियारीच्या बाजूच्या क्वार्टरात गेलं. तिथेच पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मास्टर राहत. लग्नसराईत ते बँडमध्ये असत. वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे आणि मांडवाच्या दारात, पाहुणे यायला लागले की, व्हायोलिन. उरलेले महिने घरी बसून एकट्या व्हायोलिनसाठी गती, म्हणजे वाद्यावरच्या बंदिशी, बांधायचे. बँडवाल्याच्या साथीला तबलजी कोण बसणार? "म्हणून मास्टरनं साथ तारेतच घालून दिली," ताई सांगायच्या. एका तारेवर सूर धरून ठेवायचा, दुसरीवर गत चालवायची, आणि गजाच्या झटक्यांनी ठेका द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, तिघं वाजवताहेत. अशा एकोणीस गती ताईंना येत होत्या. मास्टर गेल्यावर त्या येणारं दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

शिकवताना ताईंचा एक नियम होता. गज तारेला लावायच्या आधी गत कोणाची ते मोठ्याने म्हणायचं. मी कंटाळून एकदा म्हटलं, "ताई, सगळ्या त्यांच्याच तर आहेत. दरवेळी काहून म्हणायचं?" त्या म्हणाल्या, "तोंडाले सवय पाहिजे."

मी नोकरीला लागले, नव्या रायपूरला एका सरकारी कार्यालयात. तोवर ताईंची बोटं संधिवाताने वाकली होती. एका रविवारी त्यांनी ऑफिसच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या सरगमचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "माझ्याच्यानं आता होत नाही. तू वाजव, अन् भरून ठेव कुठंतरी. माझ्यामागं हे सारं रद्दीत जाईल."

दोन उन्हाळे आम्ही ते काम केलं. मी रेकॉर्डिंगचं यंत्र मागून आणलं, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून रायपूरच्या मे महिन्यात पंखा बंद. ताई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन स्टुलावर बसायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. चुकलं की नुसतं बोट वर करायच्या. नवव्या गतीचा शेवट कागदावर नव्हता आणि त्यांना आठवतही नव्हता. आठ दिवस आम्ही अडून बसलो. मग एका दुपारी गवारीच्या शेंगा मोडताना त्यांची डाव्या हाताची बोटं आपोआप चालायला लागली. त्या ओरडल्या नाहीत, हलल्याही नाहीत. हळूच म्हणाल्या, "पोट्टी, वाजव लवकर, मी बोटं दाखवते, थांबली तर जाईल." शेवट मिळाला. त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

एकोणीस गती भरून झाल्या आणि त्याच हिवाळ्यात नव्या रायपूरला एका मोठ्या सभागृहात राज्यातल्या कलांचा कार्यक्रम ठरला. मला तीन गती वाजवायला मिळाल्या. ताईंना मी पास देऊ केला. त्यांनी दोन मागून घेतले.

मी त्या संध्याकाळी चांगली वाजवली. उभ्याने वाजवली. टाळ्या थांबल्यावर निवेदक माइक घेऊन आला आणि म्हणाला, "बहुत सुंदर. ये रचनाएँ किसकी हैं, मैडम?"

पहिल्या रांगेत माझे साहेब होते, त्यांच्या बाजूला माझे मामा. आमचं घराणं भोसल्यांच्या अमलापासून इथलं, हे मामा पहिल्याच भेटीत कोणालाही सांगतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. गुढियारी हा शब्द माझ्या तोंडाशी आला, बँड हा शब्द आला, आणि मी म्हणाले, "पारंपरिक हैं."

तसं म्हणायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. मामांनी नाही, साहेबांनी तर नाहीच. ते मी एकटीनं केलं. वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं नाव ऐन वेळी मी गिळलं.

बाहेर गाड्यांच्या जागेपाशी ताई उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी कडक, नव्या घडीच्या लुगड्यातली एक किरकोळ म्हातारी होती. "ही रामबाई," ताई म्हणाल्या. "मास्टरची लेक."

रामबाईंनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. "बने बजाए, नोनी," म्हणाल्या. छान वाजवलंस, पोरी. मग ताईंकडे वळून अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "बाबू के नाव ल बाद म बताहीं का?" वडिलांचं नाव नंतर सांगणार आहेत का?

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हव," त्या म्हणाल्या. "बाद म."

त्या नावाबाबत ताई खोटं बोललेल्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या, आणि त्या माझ्यासाठी बोलल्या.

पुढच्या रविवारी मी बोलणी खायच्या तयारीने गेले. ताईंनी चहा दिला, भाजीच्या भावावर बोलल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. म्हटलं, "ताई, तुम्ही रागावत काहून नाही?"

त्या कपाकडे पाहत म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं रागावू? नोकरीत होती तवा सारे विचारत, फिडल कोणाजवळ शिकली. मी सांगे, घरीच शिकली, बाबांजवळ. बाबांले तर पेटीसुद्धा येत नव्हती. मास्टर एकदा ऑफिसात आले होते मले भेटाले, बँडच्या ड्रेसवर. मी शिपायाले सांगितलं, मॅडम नाही म्हणून सांग." त्यांनी कप खाली ठेवला. "मास्टर गेले तवापासून मी नाव म्हणून राहिली अन् तुमच्याकडून म्हणवून राहिली. पण तू ते नाही शिकली. तू माझ्या आतलं शिकली."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. उठून कप विसळले.

ताई मागच्या पावसाळ्यात गेल्या. शेवटचे दोन महिने त्या बोलत नव्हत्या, हाताची बोटं तेवढी चादरीवर चालायची. कुठली गत ते मला ओळखू यायचं, आणि मी त्यांच्या कानाशी मास्टरांचं नाव घ्यायचे. त्यांना ऐकू येत होतं की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर मी प्रत्येक गतीच्या आधी माझ्या आवाजात दोन वाक्यं भरली. बिसाहू मास्टर, राहणार गुढियारी, लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. ही गत त्यांची. ते सगळं फोनमध्ये घेऊन गुढियारीला गेले. रामबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि पहिली गत लावली. नाव आलं, व्हायोलिन सुरू झालं, तशी त्यांनी हात वर केला. "फेर सुना." मी पुन्हा लावलं. नाव संपलं की त्या थांबवायच्या. असं चारदा झालं.

मग त्यांनी विचारलं, "ओ दिन काबर नइ बताए?" त्या दिवशी का नाही सांगितलंस?

"शरम लगी थी, अम्मा."

त्यांनी सुपातले दोन खडे शोधून बाजूला टाकले. "अब नइ लागय?"

"लगती है," मी म्हटलं. "अब उस दिन की लगती है."

रामबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. सूप त्यांनी पायाशी सरकवून ठेवलं.

"त पूरा सुना," म्हणाल्या.