ताटात नसलेली नळी

"पाहा वहिनी, भाऊले जाऊन महिना नाही झाला अन् पोरगी मटनाचे फोटू काढून राह्यली."

"काढू द्या, बाई. बोलत तं नाही काही कोनाशी. फोटू तरी काढू द्या तिले."

आत्या आणि आई ओट्याशी कुजबुजत होत्या. मी खिडकीजवळ, कॅमेऱ्यामागे... सगळं ऐकू येत होतं.

आधीच सांगते, चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी अमरावतीला फाइन आर्ट्स करते. असाइनमेंट होती ब्लॅक अँड व्हाइट स्टिल लाइफची, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या फोटोंची. मी कच्चं मांस निवडलं. लाल रंग काढला की त्यातलं रक्तही जातं. चरबी संगमरवरासारखी दिसते, पापुद्रे घडी मोडलेल्या कापडासारखे. बाबा गेल्यापासून मला रंगच नकोसे झाले होते.

ठिकाण नांदुऱ्यातलं आमचं स्वयंपाकघर, स्टेशनजवळ. रविवारची दुपार. मटण मीच आणलं होतं, बोनलेस. हाडं फोटोत फार चमकतात. स्टीलच्या ताटात तुकडे मांडले, फोटो काढले, स्क्रीनवर पाहिले...

एका फोटोत ताटाच्या कडेला नळीचं हाड उभं होतं.

बाबा दर रविवारी मटण धुताना माझी नळी अशीच बाजूला उभी करून ठेवायचे. "इले कोनी हात लावू नका. माह्या पोरीची हाय हे."

समोरच्या ताटात हाड नव्हतं. आधीच्या फोटोत नव्हतं, नंतरच्याही नाही. मी कॅमेरा आईपुढे धरला. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, ते काढलंच नाही.

आत्याने एकेक तुकडा उलटून पाहिला. "हे तं बोनलेस हाय वो..." म्हणाली.

नंतर कॉलेजात सरांना फाइल दाखवली. रिफ्लेक्शन, डबल एक्सपोजर म्हणजे एकावर एक आलेले दोन फोटो — काहीच बसत नाही म्हणाले.

पण त्या दुपारी आई स्क्रीन बंद होऊ देत नव्हती. फरशीवर बसून, तोंडात पदर धरून, जराही आवाज न करता रडत होती. इतके दिवस ती अशीच रडत असणार, मला कळू नये म्हणून. मी तिच्याजवळ बसले. म्हणाले,

"आई, मला एकटीला नाही सहन होत गं."