बंद करू नये

बटण दाबलं की भाऊ दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे आणि आम्हाला दटावायचे, "एक्सेल वर्डला सांगतंय. मधी बोलू नका."

तळेगावजवळच्या आमच्या कारखान्यात मालाच्या तपासणीचे दाखले काढायचं काम त्यांच्याकडे होतं. राहायला बेडशाला. एक्सेलमधली मापं उचलून नेटवर्कवर ठेवलेल्या वर्डच्या छापील नमुन्यात भरणारा मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्यांनी स्वतः, चुकत-माकत लिहिला होता. पडद्यावर वर्ड दिसायचंच नाही, थेट कागद बाहेर यायचे. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्यावाचून अडतं, आणि त्याला कायम कोणी करत नाही.

मग त्यांना नवा कॉम्प्युटर मिळाला. जुना गेटवर गेला, पास छापायला. तिथं जोडल्यावर भाऊंनी मॅक्रो एकदा चालवून पाहिला. गेटवाले वायरी उपसतील म्हणून भाऊंनीच त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'.

आणि नव्या मशीनवर मॅक्रो अडकू लागला. एक्सेल नुसतं म्हणे, दुसऱ्या प्रोग्रॅमची वाट पाहतोय. भाऊंनी मशीन पाच वेळा बंद-चालू केलं, ओळ न ओळ तपासली. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत दाखले निघाले नाहीत तर भाऊंचं कंत्राट पुढे नाही.

मी सुचवलं, "भाऊ, एकदा वर्ड दिसू द्या की. कुठं अडतंय ते कळेल."

"न्हाई. दिसलं तर सायेब म्हनंल, एवढंच व्हय तुमचं काम?"

मी माझ्या टेबलाकडे वळलो. तेव्हा हट्ट धरायला हवा होता. शनिवारी भाऊ हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले, मग डबा घेऊन निघून गेले.

सोमवारी मी मॅक्रोतला एक शब्द बदलून वर्ड दिसतं केलं. पडद्यावर एक चौकट आली: नमुन्याची फाइल आधीच कोणीतरी उघडलेली आहे, तिची प्रत उघडू का? उघडणाऱ्याच्या जागी भाऊंचं पूर्ण नाव होतं.

गेटवरच्या जुन्या मशीनमध्ये ती फाइल तेव्हापासून उघडी होती, कुणाला न दिसता. मी चिठ्ठी काढली, मशीन बंद केलं. वर येऊन बटण दाबलं तर दाखले भराभर निघाले. साहेबांना सांगितलं. "राहू दे, नवीन सॉफ्टवेअर घेतलंय," ते म्हणाले.

भाऊंना फोन केला.

"निघालं व्हय? लय बरं झालं. कुटं अडलं हुतं?"

"नेटवर्कमध्ये."

"मंग माजी चूक न्हवती म्हना."

"नव्हती, भाऊ," मी म्हटलं. त्यांच्या अक्षरातली ती चिठ्ठी अजून माझ्या हातातच होती.