गुलाबी रॅम्पवरचा क्लच

महिला दिनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वर्कशॉपमधला तीन नंबरचा रॅम्प गुलाबी झाला. रंगारी मिरकरवाड्यातून आणला होता, एरवी तो मच्छीमार बोटी रंगवतो. कुठल्याशा बोटीचा उरलेला गुलाबी त्याने रॅम्पच्या दोन्ही खांबांना फासला आणि मॅनेजरसाहेबांनी लांबून पाहून मान डोलावली. रोज ज्या लोखंडावर गाड्या उचलल्या जातात ते लोखंड आता वाढदिवसाच्या केकसारखं दिसत होतं. वर फुगेही होते.

मी हातखंब्याच्या रस्त्यावरच्या या गाड्यांच्या शोरूममध्ये बरीच वर्षं आहे. माझं काम फोनवरचं. "नमस्कार, आपल्या गाडीची सर्व्हिस ड्यू झाली आहे," हे मी अशा आवाजात म्हणते की पलीकडच्याने जेवण सोडून ऐकावं. गावच्या गणपतीतल्या नाटकांत मी राणीपासून चेटकिणीपर्यंत सगळ्या भूमिका केल्या आहेत, तो आवाज वाया का घालवा? पलीकडचे पुरुष आधी खूश होतात आणि मग विचारतात, "तिकडे कुणी माणूस आहे का?"

"आहे ना. मी बोलतेय."

"तसं नाही हो. गाडीतलं कळणारा."

मग मी फोन आमच्या सेल्समनकडे देते. त्याला स्टेपनी कुठे असते विचारलं तर तो आधी माहितीपत्रक उघडतो. पण त्याच्या आवाजाला मिशा आहेत, त्यामुळे ग्राहकाचं समाधान होतं.

तर आमच्याकडे बायका होत्या सहा. फोनवर मी, कॅशवर एक, नव्या गाडीच्या डिलिव्हरीला साडी नेसून आरतीचं ताट धरणाऱ्या शोरूममधल्या दोन मुली, गाड्या धुण्याच्या विभागातल्या मावशी. आणि सहावी खरीखुरी मेकॅनिक. दाभोळकडच्या एका खाडीकाठच्या गावातली मुलगी. बाप आखातात ट्रक चालवून परत आलेला, भावाचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. हिने आयटीआय केलं आणि आमच्याकडे उमेदवारीवर लागली. ती गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. तोंडाने फटकळ, गाताना बेसूर, आणि माझ्या डब्यातली बांगड्याची तुकडी उचलताना "ताई, घेते हं," हे घास तोंडात गेल्यावर म्हणणारी.

तिची उमेदवारी मार्चअखेर संपत होती. आमच्या वर्कशॉपचा एक अलिखित नियम आहे: ज्याने एक क्लच उतरवण्यापासून चढवण्यापर्यंत स्वतःच्या हाताने केला, तो पक्का. क्लचच का, तर आमच्या भागात तोच जळतो. देशावरचे पर्यटक गणपतीपुळ्याला येतात, आरे-वारेच्या चढउतारांवर समुद्र बघत बघत गाडी चालवतात आणि डावा पाय सतत क्लचवर ठेवतात, पाट मिळाल्यासारखा. देवाला नारळ आणि आम्हाला क्लच, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे.

पण वर्षभरात फोरमनने तिला क्लच दिला नव्हता. एअर फिल्टर दे, वायपर दे, सीटखालचे वेफर्स काढ. तिने मागितलं की ठरलेलं उत्तर, "गिअरबॉक्स जड असतो गो. कंबर धरली तर तुझा बाप मला विचारील." गिअरबॉक्स उतरवायला जॅक असतो. तो जॅक फोरमनच्या स्वतःच्या कमरेसाठी रोज वापरला जात होता, पण हिच्या बाबतीत त्याला त्याची आठवण होत नसे. मार्च संपला की तिच्यापुढे दोनच रस्ते होते: माझ्या शेजारी बसून फोन करायचे, नाहीतर घरी जाऊन भावाच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकायची.

"ताई, तुमच्या शेजारी बसायला काही नाही," ती म्हणाली होती, "पण तुम्ही फार बोलता."

अशात मुख्य ऑफिसमधून फर्मान आलं. प्रत्येक वर्कशॉपमध्ये 'महिला बे', म्हणजे फक्त बायकांनी चालवायचा रॅम्प हवा, त्यात महिला मेकॅनिक हव्यात, त्यांचे फोटो हवेत, आणि महिला दिनाला स्वतः मोठे साहेब उद्घाटनाला येणार. मॅनेजरसाहेबांनी मेकॅनिकचे कोरे करकरीत पाच गणवेश मागवले. एक मला, एक कॅशवालीला, दोन आरतीवाल्यांना, एक मावशींना.

"आणि मला?" मेकॅनिकने विचारलं.

"तुझा आहे ना जुना."

"साहेब," मी म्हटलं, "महिला मेकॅनिकांच्या फोटोत मेकॅनिक नको का?"

साहेबांनी तिच्या ग्रीस लागलेल्या बाह्यांकडे बघितलं. "ताई, फ्रेम खराब होते."

अशी वाक्यं मी कुठल्याही नाटकात ऐकलेली नाहीत. लेखक घाबरतात, प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत म्हणून.

महिला दिनाच्या सकाळी सगळं वर्कशॉप मांडवासारखं सजलं. बाकीच्या रॅम्पसमोर खुर्च्या लावल्या, एका रॅम्पवर पडदा टाकून स्टेज केलं. पुरुष मेकॅनिकांना गुलाबी फेटे बांधले, कारण स्त्रियांच्या सन्मानासाठी पुरुषांनी काहीतरी करायला हवंच ना. मावशी नव्या गणवेशात आरशासमोर फिरत होत्या. "काय गो, मी बरी दिसतंय? पोस्टमन नाय ना वाटत?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. हातखंब्याच्या तिठ्यावर कोल्हापूरकडचं एक कुटुंब अडकलं होतं. गणपतीपुळ्याहून परत निघालेले. इंजिन ओरडतंय, गाडी हलत नाही, जळकट वास येतोय. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी फेटेवाल्यांकडे बघितलं. फेटेवाल्यांनी छताकडे बघितलं, कारण कार्यक्रमानंतर सुरमईचं जेवण होतं.

"हिला पाठवा," साहेब म्हणाले. "तसंही आज तिचं इथे काय काम आहे?"

महिला दिनाच्या दिवशी वर्कशॉपमधली एकुलती एक महिला मेकॅनिक कामाला गेली, आणि आम्ही पाच जणी मेकॅनिक म्हणून फोटोला उभ्या राहिलो.

मोठे साहेब आले. स्त्री ही शक्ती आहे असं त्यांनी फोनवरून वाचून दाखवलं. मध्ये कुणाचा तरी मेसेज आला, तेव्हा शक्ती थोडा वेळ थांबली. मग फोटोग्राफरने आम्हाला रॅम्पखाली उभं केलं. "मॅडम, पाना जरा गालाजवळ धरा. हसा. रॅम्पकडे बघू नका, इकडे बघा." मी पाना गालाजवळ धरला. पावडरच्या जाहिरातीत पावडर धरतात तसा.

इतक्यात आमच्या मेकॅनिकने टोचन लावून आणलेली गाडी आत आली. गाडीचा मालक उतरला तो ओरडतच, मागे बायको, दोन मुलं आणि मोदकांचे खोके. बाकी सगळे रॅम्प खुर्च्यांनी नाहीतर पडद्यांनी अडवलेले. मोकळा एकच, गुलाबी.

मोठे साहेब एकदम फुलले. "वा! मग होऊ दे की! आपल्या महिलाच करतील!"

मॅनेजरसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. फोरमन पुढे आला. "साहेब, क्लचचं काम आहे. गिअरबॉक्स जड..."

"मग काय झालं? महिला बे आहे ना आपला?"

फोरमनची पंचाईत झाली. या बायका खऱ्या नाहीत असं म्हणावं तर मॅनेजर गेला, खऱ्या आहेत म्हणावं तर गिअरबॉक्स हलका झाला. मला त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण हातात पाना होता.

आमची मेकॅनिक हात पुसत रॅम्पकडे आली. मोठ्या साहेबांनी तिच्या बाह्या बघितल्या आणि हाताने बाजूला केलं. "तू जरा लांब उभी राहा बाळ, फोटो चाललेत."

तिच्या कपाळावरची शीर मला ओळखीची होती. ती आता काहीतरी बोलणार, आणि मार्चअखेरची वाटही बघावी लागणार नाही. मी राणीच्या भूमिकेत शिरले.

"साहेब," मी आवाज लावला, "ही आमची मदतनीस. आम्ही सांगू तसे ती हात चालवते. आमचे गणवेश नवे आहेत ना."

"छान, छान. टीमवर्क."

"चल ग," मी तिला म्हटलं, "बॅटरी काढायला घे." बॅटरी आधी काढतात हे मला तिच्याच बडबडीतून माहीत होतं. त्यापुढचं मला काहीही माहीत नव्हतं.

ती माझ्या कानाशी वाकली. "ताई, संध्याकाळी तुमचा जीव घेते." आणि तिने गाडी उचलली.

मोठ्या साहेबांचा उत्साह बॅटरीपर्यंतच टिकला. मग सुरमईचा वास आला आणि शक्तीचा विषय संपला. ते गेले, त्यांच्यामागे मॅनेजर, फोरमन, फेटे, सगळे गेले. राहिलो आम्ही सहा जणी आणि मोदकवालं कुटुंब.

"आता नाटकं पुरे," ती म्हणाली. "कॅशवाली, बोल्ट मी देते त्या क्रमाने ताटात मांड. आरतीचं ताट आण, तेच बरं आहे. मावशी, तुम्ही जॅक धरा. ताई, तुम्ही टॉर्च धरा आणि गप्प बसा."

मालक दर थोड्या वेळाने यायचा. "नक्की येतं ना यांना? कुणी माणूस नाही का?"

"ही माणूस नाय?" मावशी जॅकवरून म्हणाल्या. "मग काय म्हैस हाय?"

त्यानंतर तो मोदकांच्या खोक्यापाशी बसून राहिला.

काम पटकन झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. एक बोल्ट जागचा हलेना, तेव्हा तिने त्याला दाभोळच्या बंदरावरच्या अशा शिव्या दिल्या की आरतीवाल्या मुलींनी कानावर हात ठेवले आणि नंतर अर्थ विचारला. जळलेली क्लच प्लेट बाहेर आली तेव्हा ती करपलेल्या भाकरीसारखी होती. नवी बसली, गिअरबॉक्स चढला, गाडी खाली आली, आणि ताटात एक बोल्ट उरला.

आम्ही सगळ्या त्या बोल्टकडे बघत राहिलो. मालकही येऊन बघू लागला.

"हा कुठला?" त्याने विचारलं.

"तुमचाच," ती म्हणाली. बोल्ट बोटात फिरवला, डोळे मिटून काहीतरी आठवलं, तोंड वाकडं केलं, आणि गाडी पुन्हा वर घेतली. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूचा होता. कॅशवालीचा नवा गणवेश तोवर इतका काळा झाला होता की ती रडायची सोडून हसायला लागली.

जेवून ढेकर देत फोरमन परत आला तेव्हा गाडी सुरू होती. आता राहिली ट्रायल. आमच्याकडे क्लच केलेली गाडी फोरमन जवळच्या चढणीवर घेऊन जातो आणि ज्याने काम केलं तो शेजारच्या सीटवर बसतो. काही वाजलं, घसरलं, तर तिथल्या तिथे त्याची खरडपट्टी काढता यावी म्हणून फोरमननेच ही पद्धत पाडली होती.

"ताई, तुम्ही बसा पुढे," फोरमन मला म्हणाला.

"मी टॉर्च धरला. टॉर्च धरणारे कधीपासून पुढे बसायला लागले?"

फेटा काढून आलेला एक जुना मेकॅनिक दात कोरत म्हणाला, "ज्याचा हात, तो शेजारी. तुमचाच नियम फोरमन."

ती पुढे बसली. मी न विचारता मागे बसले. असलं दृश्य सोडून मी फोन करायला जाणार होते थोडीच!

चढणीच्या मधोमध फोरमनने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मग तो सोडत क्लचवरचा पाय हळूहळू उचलला. गाडी तसूभर मागे गेली नाही, थरथरली नाही, गुपचूप वर निघाली. त्याने पुन्हा थांबवली. पुन्हा सोडली. पुन्हा तेच. मला मागून त्याची मान दिसत होती. ती मान एखादा आवाज शोधत होती, बारीकसा कुठला तरी, ज्यावर बोट ठेवता येईल. ती मुलगी समोर काचेतून बघत होती आणि मांडीवरचे तिचे दोन्ही हात घट्ट मुठीत होते. वर्षभराचा सगळा जीव तिने त्या चढणीवर आणून ठेवला होता.

आणखी दोनचार वेळा गाडी थांबली आणि निघाली तेव्हा तिच्या मुठी उघडल्या.

"फोरमन," ती म्हणाली, "आता बस करा. नाहीतर तुम्हीच जाळाल."

त्याने गाडी वळवली. खाली येईपर्यंत मी गप्प बसले, याची नोंद घ्यावी. वर्कशॉपच्या दारात मॅनेजरसाहेब उभे होते. "काय?" त्यांनी विचारलं.

"बरा लागलाय," फोरमन म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द निघाले ते उपटलेल्या दातासारखे. पण सगळ्यांसमोर निघाले, आणि नियम नियम होता. एप्रिलपासून ती पक्की झाली. मुख्य ऑफिसच्या भिंतीवर महिला दिनाचा जो फोटो लागला त्यात पाना गालाला लावलेली मी आहे. ती त्यात नाही.

मग मे महिना आला, आंब्यांबरोबर पर्यटक आले आणि जळके क्लच दारात ओळीने उभे राहिले. भट्टीसारख्या त्या शेडमध्ये गिअरबॉक्सखाली उभं राहायचं कुणाला? एका सकाळी फोरमन नव्या गाडीकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होता, "क्लच ना? तिच्याकडे द्या. त्याला बारीक हात लागतो. तसं बघायला गेलं तर ते बायकांचंच काम."

पुरुष मेकॅनिकांनी गंभीरपणे माना हलवल्या. हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

ती गुलाबी खांबाआडून बाहेर आली. घामाने चेहरा चमकत होता. "फोरमन, हा सहावा झाला या आठवड्यात. मला आता इंजिन द्या उघडायला."

"इंजिन?" फोरमन कळवळून म्हणाला. "इंजिन फार जड असतं गो. कंबर धरली म्हणजे..."

"इंजिनाला क्रेन असते."

"असते, पण तुझा बाप..."

"बापाचा नंबर देते," ती म्हणाली आणि खिशातून फोन काढून फोरमनच्या हातात कोंबला. "विचारा आत्ताच. मी थांबते इथे."