लंकावीचा पूल, तिकीट काढून

आमच्या साइटवरची क्रेन थांबली आणि आमचा प्रवास सुरू झाला. मंदीचं साल. दुबईत जिकडे बघावं तिकडे इमारती अर्ध्यावर उभ्या, वर नुसत्या सळया आणि खाली चिटपाखरू नाही. कंपनीनं सांगितलं, दोन महिने बिनपगारी रजा घ्या, मग बघू. त्या 'मग बघू'चा अर्थ सगळ्यांना कळला. दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या खोलीतली पोरं बॅगा भरून गावाकडे निघाली. मी म्हटलं, मी आधी लंकावीला जाणार. मग गाव.

खोलीत हशा पिकला. "काका, तिकडे लग्न झाल्या झाल्या जातात! तुम्ही कोणाला घेऊन जाणार?"

"उस्मानला," मी म्हटलं.

"माका इचारलंस?" उस्मान खाटेवरून ओरडला. पण दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन हजर.

उस्मान विजयदुर्गचा, मी देवगडचा. तो क्रेन चालवायचा, मी परांची बांधायचो, पुढे मुकादम झालो. पंचवीसेक वर्षं आम्ही उंचावरच काढली म्हणा ना. पण इमारत पुरी झाली, काचा लागल्या, की तिचाच दरवाजा आम्हाला बंद. खालचा वॉचमन विचारणार, "किधर?" त्याचंही बरोबर आहे, त्याला तेवढ्याचाच पगार. पण माझ्या मनात एक गोष्ट बसली होती ती बसलीच. एकदा तरी उंचावर पाहुणा म्हणून जायचं. तिकीट काढून, पुढच्या दारानं, डोक्यावर हेल्मेट न घालता.

लंकावी ठरलं ते एका कॅलेंडरमुळे. बर दुबई भागातल्या मीना बाजारात उस्मानच्या भाच्याचं शिंप्याचं दुकान आहे. तिथे भिंतीवर चित्र होतं. हिरव्या डोंगराच्या माथ्यावर लोखंडी पूल, चंद्रकोरीसारखा वाकलेला, खाली ढग, आणि पुलावर माणसं नुसती फिरताहेत. भाचा म्हणाला, मलेशियाचं बेट आहे. मी म्हटलं, असू दे. तिकिटाचा आकडा इथे लिहीत नाही. दिरहॅमचे रुपये करून गावात उगाच तोंडं वाजतील.

क्वालालंपूरला विमान बदललं आणि तासाभरात लंकावीला उतरलो. बाहेर पडलो तर काय! माड, भातशेती, शेतात म्हशी, आणि वाऱ्याला खारा वास. इतकी वर्षं वाळू बघून डोळे सुकले होते, ते एकदम ओले झाले.

"उस्मान, ह्यां तर आपला देवगड!"

"मग पैसे कित्याक घातले? घराक गेलो असतो तर फुकट दिसला असता."

सकाळी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या टपरीवर न्याहारी केली. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईनं केळीच्या पानात पुडी दिली. तिला तिथे नासी लमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) म्हणतात. वर तिखट लाल चटणी, शेंगदाणे आणि बारीक सुकी मासळी, कुरकुरीत तळलेली. नारळाचा भात आणि सुकी मासळी! मी बाईला मालवणीतच सांगितलं, "बाये, असा आमच्याकडे पण करतत." ती हसली आणि आणखी एक पुडी पुढे केली. भाषा कळली नसेल, भूक कळली.

तिथून डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तारेवरून पाळणे (लटकते काचेचे डबे) वर जातात. मी खिडकीवर जाऊन दोन तिकिटं स्वतः घेतली. उस्मानला हात लावू दिला नाही. पाळणा सुटला तो जवळजवळ उभाच चढायला लागला. खाली रान, रानात धबधबा, पाठीमागे समुद्र आणि त्यात बेटंच बेटं. मी डाव्या काचेवरून उजव्या काचेवर उड्या मारत होतो. उस्मान मात्र तिथल्या ऑपरेटरला शिव्या घालत होता. "असो झटको देतत? माझ्या क्रेनात असता तर हाकलून दिलं असतंय." दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं परतीचं विमान होतं. पूल बघायचा तर आजच.

वर पोहोचलो आणि आमच्या हातून एक गंमत झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती. वरून पुलाकडे दोन वाटा उतरत होत्या. एका वाटेवर दोरी बांधलेली, पाटी लावलेली, पाहुणे उभे. दुसऱ्या वाटेवर पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं रंगाचे डबे घेऊन चाललेली. आम्ही दोघं सरळ हेल्मेटवाल्यांत जाऊन उभे राहिलो. पाय आपोआप गेले. त्यात आमच्या पायांत कंपनीचे सेफ्टी शूज. कंपनीनं शेवटचे दिलेले, कोरे, प्रवासाला ह्यापेक्षा चांगले बूट आमच्याकडे नव्हतेच. तिथल्या सुपरवायझरनं आधी बूट बघितले, मग तोंडं बघितली, आणि दोघांच्या हातांत एकेक हेल्मेट दिलं.

तेव्हा मला शुद्ध आली.

पुढचा कामगार बांगलादेशचा होता, जमाल नावाचा. त्याला हिंदीत सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग हळूच म्हणाला, "चाचा, रंग का काम चालू है, पब्लिक बंद. बादल भी आ रहा है. आज खुलेगा कि नहीं, अल्ला जाने. आप हमारे साथ चलो. एक रस्सी पकड़ो, उस पार जाओ, वापस आओ. कौन पूछेगा?"

उस्माननं हेल्मेट डोक्यावर चढवलंसुद्धा. "चल!"

मी माझं हेल्मेट खाली ठेवलं. "माका नको."

"अरे मेल्या, पूल तोच मां!"

"पूल तोच. पण मी तिकिटान जातलंय."

"ढग बघ. मगे काय्येक दिसाचा नाय. उद्या पाटे इमान आसा."

"नाय दिसला तर नाय दिसला."

"पन्नास माळ्यांवर चढलंस तेव्हा तिकीट काढलं होतंस?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

तो चिडून जमालच्या मागे गेला. मी दोरीमागे बाकावर येऊन बसलो. थोड्या वेळानं पुलावर पिवळी टोपी दिसली. उस्मान दोरीचं टोक धरून चालत होता आणि मला चिडवायला हात हलवत होता. मग ढग आला आणि पूलही गेला, उस्मानही गेला. समोर नुसता पांढरा पडदा. खरं सांगतो, मनात आलं, हट्टापायी गमावलं की काय!

बाकावर शेजारी एक अरबी माणूस होता, बायको आणि दोन मुलींसह. दोरीच्या मागे तोही अडकलेला. त्यानं विचारलं, "सदीक (मित्रा), तुम किदर से?"

"अजमान."

"वल्ला! हम भी अजमान! उदर कभी देखा नहीं तुमको."

"हम ऊपर था, आप नीचे गाड़ी में."

तो मोठ्यानं हसला, थर्मासमधून गहवा (वेलदोड्याची अरबी कॉफी) ओतून दिली, खजूर पुढे केला. मग म्हणाला, "तुम्हारा दोस्त गया. तुम क्यों नहीं गया?"

"वो काम पे गया. मेरे पास टिकट है."

त्यानं माझ्याकडे जरा बघितलं. मग स्वतःच्या खिशातून तिकीट काढून माझ्या तिकिटाशेजारी धरलं. "मेरा भी सेम," म्हणाला. "बैठो. साथ में जाएगा, इन्शाल्ला."

उस्मान परत आला, हेल्मेट देऊन आला, आणि फुरंगटून दुसऱ्या टोकाला बसला. कॉफी मात्र प्यायला. बराच वेळ ढग हलला नाही. मग वारा आला. पडदा मधोमध फाटला, आधी पुलाचा एकच उंच खांब दिसला, मग त्याच्या तारा, मग सगळा पूल. रंगवाले वर आले. सुपरवायझरनं दोरी सोडली.

मी तिकीट दाखवलं. त्यानं बूट ओळखले असावेत. हसला आणि हातानं 'या' म्हणाला.

पुलावर पाऊल टाकलं. दहा-बारा पावलं चाललो असेन, आणि वाऱ्यानं पूल जरासा हलला. मी जागच्या जागी थबकलो. हलत्या फळीवर उभं राहून मी डबा खाल्लेला माणूस! दोन्ही हातांनी कठडा धरला.

"काय झाला, मुकादमा?" उस्माननं विचारलं.

"भय वाटता."

मला वाटलं, आता हा हसणार. पण त्याचेही हात कठड्यावर होते. "माका पण," तो म्हणाला. "मगाशी नाय वाटला."

"मगाशी काय बघलंस?"

तो विचारात पडला. "जमालची पाठ."

मग आम्ही दोघं तिथेच थांबलो आणि बघितलं. खाली दरी, दरीत रानाचे शेंडे, त्यांच्यात अडकलेले ढगाचे तुकडे. पलीकडे समुद्र, बेटांमागे बेटं, शेवटची तर थायलंडची, असं अजमानवाला मुलींना सांगत होता. एक मोठा पक्षी आमच्या पायांखालून उडत गेला. पक्ष्याची पाठ मी पहिल्यांदा बघितली. भीती होतीच, आणि तिच्यासकट इतका आनंद झाला की मी ओरडलो. काय ओरडलो ते उस्मानलाही आठवत नाही. घाई कोणाला नव्हती. खालून कुणी हाक मारत नव्हतं. पुलाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, परत आलो, आणि पुन्हा गेलो.

अजमानला परतलो तेव्हा खोली निम्मी रिकामी झाली होती. उरलेल्या पोरांनी घेरलं. उस्माननं हेल्मेटाची सगळी गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. पोरं मला वेड्यात काढायला लागली तसा तोच त्यांच्यावर खेकसला, "गप ऱ्हवा. तो बरोबर होतो." इतकी वर्षं एका खोलीत राहून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आता थोड्या दिवसांत गावाला येतोय. देवळासमोर बसलो की तुम्ही गाववाले विचारणार, दुबई उंचावरून कशी दिसते? मला सांगता येणार नाही. तिथे मी परांचीचे क्लॅम्प बघितले, पुढच्या माणसाची पाठ बघितली आणि घड्याळ बघितलं. लंकावीचं विचारा. आणि विचारणार असाल तर सवड काढून या, कारण मी तिथे एकही गोष्ट बघायची सोडलेली नाही.