रेजीनच्या दारावरून

आमची थोरली जाऊ ओलिंदा पुढे चालायला लागली की मागे सगळी आळी चालते. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढचं माणूस वाट चुकलं तर मागच्यांना ते कळतही नाही, म्हणून सांगते.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. चर्चमधली मावलीची, म्हणजे मारियामातेची, लहान मूर्ती या महिन्यात घरोघर फिरते. एका संध्याकाळी एका घरी. तिथे जपमाळ म्हणायची, लादीन, म्हणजे मावलीची जुनी लॅटिन स्तोत्रं, गायची, मग उकडलेले चणे नि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मूर्ती पुढच्या घरी. मधलं एकही घर ओलांडायचं नाही हा नियम, मग त्या घराशी तुमचं कितीही वाकडं असो. मूर्ती हातात धरायचा मान आमच्या घराचा, तो सासूने ओलिंदाला दिला. मला दिला नाही ते बरंच झालं, माझं तोंड फार चालतं.

ओलिंदाचं घरातलं काम कधी अडलं नाही आणि रविवारची मिस्सा कधी चुकली नाही. बोंबील वाळत घालतानाही तिचे ओठ हलायचे. गावात कुणाच्या पोरीची ओढणी घसरली तरी ती आधी ओलिंदाच्या नजरेत यायची. तिला लोक मानायचे, आणि खरं सांगायचं तर थोडे घाबरायचेही.

तिची एकच जिवाभावाची मैत्रीण, रेजीन. दोघी एकाच बाकावर शिकल्या, एकाच वर्षी लग्नं झाली. रेजीनचा नवरा लवकर गेला. तिची एकुलती एक मुलगी प्रिसिला. बाप्तिस्म्याला तिला ओलिंदानेच हातांवर धरलं होतं. ती तिची धर्मआई. आईबाप उद्या नसले तरी या पोरीला मी अंतर देणार नाही, असं तिथे देवासमोर कबूल करायचं असतं. ओलिंदाने केलं होतं.

प्रिसिलाने पाच-सहा वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या गणराजशी लग्न केलं. पोरगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. निर्व्यसनी, हसतमुख, पण हिंदू. लग्न अलिबागला कचेरीत झालं. आळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. नेमकं त्याच वेळी ओलिंदाच्या मुलीला, मेल्बाला, वसईचं स्थळ आलं होतं. माणसं कडक. मुलीची आई कुणात उठते-बसते इथपर्यंत त्यांची चौकशी.

त्या ऑक्टोबरात रेजीनच्या घराची पाळी आली. संध्याकाळी ओलिंदा चर्चमधून बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "फादरांनी सांगितलंय. ते घर आता नको."

फादरांना जाऊन विचारणार कोण? आमच्याकडे फादरांचं नाव घेतलं की बोलणं संपतं. आम्ही मुंड्या हलवल्या.

रेजीनने ओटा सारवला होता. निळ्या दाराला शेवंतीच्या माळा, उंबऱ्यात दिवा, आत टोपभर चणे. ओलिंदा समोर बघत, पाय उचलून चालत तिच्या दारावरून गेली. मागून आम्ही. मी एकदा वळून पाहिलं. रेजीन ओट्यावर गुडघे टेकून बसली होती, आणि थोड्या वेळाने तिने रस्त्यावरच्या पोरांना बोलावून चणे वाटले.

वाटलं होतं, पुढच्या वर्षी ती दिवा लावणार नाही. पण तिने लावला. दरवर्षी लावला, दरवर्षी चणे उकडले, आणि दरवर्षी आमची मिरवणूक तिच्या दारावरून पुढे गेली. मेल्बाचं लग्न झालं, ती वसईला नांदायला लागली, तरी ओलिंदा थांबली नाही. एकदा वगळलेलं घर परत घ्यायचं, तर आधी का वगळलं ते सांगायला लागतं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. त्या वर्षापासून कुठल्याही घरी चणे मिळाले की ओलिंदा ते पदराच्या टोकात बांधायची आणि घरी आल्यावर कोंबड्यांपुढे टाकायची. मला वाटायचं, दात दुखत असतील.

यंदा नवे फादर आले. वयाने लहान, पायी फिरून सगळी घरं बघून आलेले. जपमाळेच्या आधी चर्चच्या आवारात बायकांची सभा झाली, तेव्हा त्यांनी साधं विचारलं, "त्या निळ्या दाराच्या घरची पाळी कधी आहे?"

"ते घर येत नाही, फादर," ओलिंदा म्हणाली.

"का बरं? कुणी सांगितलं?"

"आधीच्या फादरांनी," मागून कुणीतरी बोललं.

"ते तर मला सगळं नीट समजावून गेले. हे बोलले नाहीत," फादर म्हणाले. आम्ही सगळ्या ओलिंदाकडे बघायला लागलो. ती हातातल्या माळेकडे बघत होती. फादरांनी तिला तोंडघशी पाडलं नाही. "तुम्हीच बघा," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. घरात आम्ही आमची पोर्तुगीज वळणाची जुनी बोली बोलतो, भांडायचं असलं की मराठी. मी मराठीत सुरू झाले.

"वयनी, खोटं बोललीस? देवाच्या माणसाच्या नावावर?"

"व्हय," ती म्हणाली. "मेल्बाचं लगीन मोडंल म्हणून भ्याले. लोकांना धरमाचं कारन दिलं, नि कारन माझ्या घरातलं होतं. त्या पोरीला या हातांनी धरलेलं मी."

मग ती रडली. मी तिला इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

शनिवारी ती कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, गेली. आत काय बोलली ते तिला नि देवाला ठाऊक, पण रांगेतल्या मागच्या बायका गुडघे चोळत ताटकळल्या.

रेजीनच्या पाळीच्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. निळ्या दाराशी आल्यावर ओलिंदा थांबली. मागच्या बायका एकमेकींवर आपटल्या. ओटा सारवलेला, दिवा लावलेला, शेवंतीच्या माळा तशाच. रेजीनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ती खुर्चीत होती. तिचं करायला प्रिसिला नि गणराज हल्ली इथेच राहतात. प्रिसिला दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. गणराज चणे वाटायला पातेलं धरून उभा होता.

"रेजीन," ओलिंदा म्हणाली, "फादर कदी कायच बोलले न्हवते. मीच बोलले. मावलीला तुझ्या दारावरनं मीच नेली. चुकले गो मी."

हे ती सगळ्यांदेखत मोठ्याने बोलली. मग रेजीनही मराठीत बोलली, जावयाला कळावं म्हणून.

"मावली तर दरवर्साला आली, ओलिंदा. माझ्या दारावरनं गेली, मी गुडगे टेकले, परार्थना केली, चणे वाटले. ती कवा चुकली न्हाय. येत न्हवतीस ती तू."

आणि ओलिंदाच्या मागे दरवर्षी मीही चालत होते.

रेजीनने पातेल्यात हात घालून मूठभर चणे काढले. "घे," ती म्हणाली.

ओलिंदाच्या दोन्ही हातांत मूर्ती. मूर्ती खाली ठेवायची नसते. मी पुढे होऊन हात केले. तिने माझ्याकडे पाहिलं, प्रिसिलाकडे पाहिलं, आणि वळून मूर्ती गणराजपुढे धरली. मागे एकीची माळ खाली पडली.

गणराजने पातेलं ओट्यावर ठेवलं, चपला काढल्या, हात शर्टाला पुसले. "मावशी, कसं धरू?"

"बारकं पोर धरतात ना, तसं धर, बाबा."

त्याने धरली. मग ओलिंदाने दोन्ही हात पसरले आणि रेजीनने त्यांत चणे टाकले. चणे खारट झाले होते, रेजीनचे नेहमीच होतात. ओलिंदाने ते तिथेच उभ्या उभ्या, एक-एक करून, सगळे खाल्ले.