डावखुरी नूरी आणि उलटा बाण

“हे सगळं उलटं हाय की,” बिराजदार सर माझ्या स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले. “‘पुढे’चा बाण डावीकडं, ‘मागे’चा उजवीकडं. कुणी बनवलीय ही साइट?”

“मॅडमनी स्वतःच. कॉलेजात असताना.”

“तरीच. कर दुरुस्त.”

सर आमच्या ऑफिसचे मालक. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. टॉवेल-चादरीवाले, दवाखाने, कोचिंग क्लास यांच्या वेबसाइट आम्ही करतो. क्लायंटला शब्द देणं हे सरांचं काम आणि तो पाळणं हे माझं, अशी कामाची वाटणी पहिल्यापासून आहे. त्यातही माझ्याकडे जास्त करून मेंटेनन्स येतो, म्हणजे जुन्या साइटची डागडुजी. नवी साइट करणाऱ्याचं कौतुक होतं. डागडुजी करणाऱ्याची आठवण काही बंद पडलं तरच येते. माझी त्याला हरकत नाही, मला जुन्या साइट आवडतात. बनवणाऱ्याचा स्वभाव त्यांत दिसतो.

ही साइट यास्मिन मॅडमची. उर्दू शाळेत त्या चित्रकला शिकवतात. साइटचं नाव ‘उजवीकडून’. जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात आणि त्यांच्यावरून ज्या कार्टून मालिका निघतात त्यांना ॲनिमे. आता शाळेतली पोरंसुद्धा हे शब्द सर्रास वापरतात. मॅडम कॉलेजात होत्या तेव्हा सोलापुरात हे वेड असलेली मंडळी बोटांवर मोजण्याइतकी होती. सायबर कॅफेत बसून त्यांनी ही फॅन साइट उभी केली. फॅन साइट म्हणजे चाहत्यांनी आपल्या हौसेनं चालवलेली साइट. तिथं मालिकांवर लिहिलेलं होतं, वाद घालायला एक पान होतं, आणि मॅडमनी मांगाच्या धाटणीत स्वतः काढलेली एक मराठी चित्रकथा होती. गोष्टीतल्या मुलीचं नाव नूरी.

मॅडम आमच्याकडे आल्या त्या सर्व्हर कंपनीची मेल घेऊन. साइट ज्या कॉम्प्युटरवर भाड्यानं राहते तो सर्व्हर. त्यांचा सर्व्हर फार जुना झाला होता आणि कंपनी तो बंद करणार होती.

“बाकी गेलं तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “नूरी तेवढी वाचवा. कागदावरची पानं लग्नानंतर आमच्या अम्मीनं रद्दीत घातली. आता जी आहे ती इथंच आहे. आणि ती अर्धी आहे. मला ती पूर्ण करायची आहे.”

“इतक्या वर्षांनी?”

“ती मेल आली ना, तेव्हा कळलं मला. रोज मी कधीतरी करीन कधीतरी करीन म्हणत होते. जुनी पानं समोर असल्याशिवाय नाही जमणार मला. तिचं नाक कसं काढायचे तेही विसरले मी.”

मी सगळ्यात आधी साइटची जशीच्या तशी कॉपी घेतली आणि एका वेगळ्या डिस्कवर ठेवली. ही माझी सवय आहे. सर तिला घाबरटपणा म्हणतात.

मग अडचणी सुरू झाल्या. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. त्या काळी मराठीसाठी ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट असायचा. तो तुमच्या कॉम्प्युटरवर नसला की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसायचा. वाचकांचे अभिप्राय असे कितीतरी वर्षं कचरा होऊन पडले होते, खुद्द मॅडमनाही वाचता येत नव्हते. मी ते एकेक करून आजच्या युनिकोडमध्ये आणले, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर दिसतील असे. कंटाळवाणं काम, पण झालं.

इथवर ठीक होतं. मग सरांच्या तोंडून ‘रिव्हॅम्प’ हा शब्द निघाला. रिव्हॅम्प म्हणजे जुन्याचा कायापालट. हा शब्द सरांना लई आवडतो.

बाणांवर आमचा वाद तेव्हाच झाला. मी म्हटलं, “सर, मांगा उजवीकडूनच वाचतात. साइटचं नावच तसं आहे.”

“जपानात वाचत असतील. हितं कुणाला कळणार? आपली पोरगी मराठीत बोलतीय न्हवं? मग मराठीसारखी चालू दे की.”

मला तेव्हा हे पटण्यासारखं वाटलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. साइटवर आलेल्या माणसाला विचार करावा लागला की तो निघून जातो. मी बाण फिरवले, पानं डावीकडून उजवीकडे लावली आणि वाचून बघितलं. गोष्टीचा पार काला झाला होता. पानं आता डावीकडून येत होती, पण प्रत्येक पानातल्या चौकटी अजून उजवीकडून डावीकडे जात होत्या. उत्तर आधी, प्रश्न मागून.

“सोपं हाय,” सर म्हणाले. “चित्रंच आरशात धर.”

म्हणजे मिरर करायचं. एक कमांड दिली की डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. त्यानं चौकटी सरळ झाल्या, पण संवादांच्या फुग्यांतली मराठी अक्षरं उलटी झाली. मग ती पुसून मी सगळे संवाद छान टाइपात पुन्हा बसवले. काम सुबक झालं. मोबाइलवर तर फारच. सरांनी पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली, आणि मी मॅडमना फोन केला.

त्या शाळा सुटल्यावर आल्या. नवं मुखपृष्ठ बघून खूश झाल्या. रंग आवडले. मग त्यांनी नूरीचं पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्यावर थांबल्या. त्या पानावर नूरी घरात सगळ्यांबरोबर जेवायला बसलेली आहे.

“ही उजव्या हातानं जेवतेय,” त्या म्हणाल्या.

आम्हाला काही कळेना. मी म्हटलं, “हो, मॅडम.”

“नूरी डावखुरी आहे.”

सर म्हणाले, “मॅडम, एवढं काय त्यात? कुणाच्या लक्षात बी येणार न्हाय.”

मॅडमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “सर, गोष्टच ती आहे. घरचे, शाळेतले, शेजारचे, सगळे तिला एकच सांगतात, उजवा हात वापर. शेवटी खाला, म्हणजे तिची मावशी, तिचा डावा हात ओढणीनं बांधते. एवढे लोक मागं लागूनसुद्धा जे नूरीनं केलं नाही, ते तुम्ही एका दिवसात करून दाखवलं.”

मी संवाद टाइप करताना ‘डाव्या हातानं नको’ हे शब्द स्वतः बसवले होते. ते बसवताना मी टाइपाचा साइझ बघत होते. मला फार वाईट वाटलं.

“आणि उजवीकडून काढलं ते फॅशन म्हणून नाही,” मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. “मीही डावखुरीच. मराठी लिहिताना माझा हात लिहिलेल्यावरून घासत जायचा. वही काळी, हात काळा, त्यावरून मार. उर्दूच्या वहीत एक डाग नसायचा. उर्दू उजवीकडून लिहितात ना, हात पुढं पळतो, ओली शाई मागं राहते. मग कुणाकडून तरी मांगाचं एक पुस्तक हाती आलं आणि बघते तर काय, तेही उजवीकडून. मला वाटलं, हे माझ्याच हातासाठी केलंय. चौकटी मी तशाच काढत गेले. फुग्यातलं मराठी सगळ्यात शेवटी, शाई वाळल्यावर.”

त्यांनी पर्स उचलली. “राहू द्या. जुनीच बंद पडू दे. माझ्या नशिबात ती अर्धीच असेल.”

मी गुपचूप ती वेगळी डिस्क लावली आणि मूळ पानं उघडली. त्यांच्या हातची थोडी तिरकी अक्षरं, स्कॅन करताना आलेल्या सावल्या, डावीकडे बघणारा ‘पुढे’चा बाण, सगळं जागच्या जागी होतं.

“मॅडम, तुमचं काही गेलेलं नाही. जाण्याआधी सरांना हे एकदा वाचून दाखवा.”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझी नोकरी गेलीच. पण क्लायंट समोर होता. खुर्ची ओढून ते स्क्रीनपुढं बसले.

“कुटनं सुरू करू?”

“वरच्या उजव्या कोपऱ्यातून. हं. आता डावीकडं. आता खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून.”

सरांनी बोट स्क्रीनवर ठेवलं. पहिल्या दोन-तीन पानांना ते अडखळले. चुकीची चौकट धरली की मॅडम “इकडं, इकडं” म्हणायच्या, वर्गात म्हणत असतील तशाच. मग त्यांचं म्हणणं थांबलं, कारण सरांचं चुकणं थांबलं. नूरीचं घर टॉवेलच्या कारखान्याला लागून. तुटलेल्या सुताची गाठ ती डाव्या हातानं अशी मारते की शोधून सापडू नये. कारखान्यात त्या हाताचं कौतुक आणि जेवणाच्या ताटावर त्याच हातावर चापट. सर एका पानावर हसले. एका पानावर “काय बाई हाय ही खाला” म्हणाले. ऑफिसचा फोन वाजत होता, त्यांनी उचलला नाही. मीही उचलला नाही.

शेवटच्या पानावर नूरीला बघायला पाहुणे आले आहेत. डावा हात ओढणीत बांधलेला. समोर ताट. सगळे तिच्याकडे बघताहेत. कोपऱ्यात ‘क्रमशः’.

सरांनी ‘पुढे’चा बाण दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला.

“मॅडम,” सर वळून म्हणाले, “पुढं काय झालं?”

मॅडम हसल्या. तोवरच्या इतक्या भेटींत मी त्यांना मोकळं हसताना पहिल्यांदा बघत होते. मी वाचकांचे अभिप्राय उघडून त्यांच्यापुढे सरकवले. त्या शेवटच्या पानाखाली कुणाकुणाची नावं होती, आणि प्रत्येकानं आपापल्या परीनं तेच लिहिलं होतं. पुढं काय झालं. ताई, पुढचं पान कधी. नूरीनं जेवण केलं का. मॅडम वाचत खाली खाली गेल्या आणि मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“हे पान टाकलं आणि मी इकडं फिरकलेच नाही. मला वाटायचं कुणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या. “पुढं हे झालं की माझ्या घरी पाहुणे आले. मी उजव्या हातानं जेवले. अजून तसंच जेवते. मग नूरीचं काय करायचं ते सुचेना.”

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाले, “सुजाता, बाण पयल्यासारखा कर.”

मूळ पानं आम्ही होती तशी नव्या सर्व्हरवर चढवली. जुना बंद पडायच्या आत. सुरुवातीला मी एक लहानसं चित्र घातलं, एक बोट उजवीकडून डावीकडे जातं, बस्स. रिव्हॅम्प म्हणायचं तर तेवढाच. क्लायंट आला की सर आता ही साइट आवर्जून दाखवतात आणि कुठून वाचायचं ते स्वतः शिकवतात, जसं काही त्यांनाच आधीपासून ठाऊक होतं.

या कामातून मी एवढंच शिकले की जुन्या साइटवर काही उलटं दिसलं की हात लावायच्या आधी बनवणाऱ्याला फोन करायचा. फोनला फार वेळ लागत नाही.

पुढची पानं मॅडम शाळेतून परस्पर पाठवत गेल्या. शेवटचं पान मात्र घेऊन त्या स्वतः आल्या. त्यावर बोलणं असं काहीच नाही. पाहुणे बसलेत, खाला डोळे वटारतेय. नूरी ओढणीची गाठ दातांनी सोडते. मग ती डाव्या हातानं जेवते, सावकाश, ताट रिकामं होईपर्यंत.

ते पान मी साइटवर चढवलं तेव्हा आमची डबा खायची वेळ झाली होती. मॅडमना आग्रह करून बसवलं. सरांनी त्यांच्यापुढे भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. मॅडमचा उजवा हात सवयीनं पुढे आला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला, आणि डाव्या हातानं भाकरी मोडली.