तिने सांगायला लावलेलं

घराण्यात पहिला पदवीधर झालो तो शाळेतल्या कदमबाईंमुळे; माझं इंग्रजीही त्यांचंच. सिंगापुरात नोकरी सांभाळून मी रविवारी पाया लेबार भागातल्या एका समुपदेशन केंद्रात दुभाष्याचं काम करायचो.

तिथे एक मराठी स्त्री आली. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं, त्याच्या नोकरीवर मिळालेला तिचा इथे राहण्याचा पासही रद्द करायला टाकला होता. नवऱ्यावरचा मारहाणीचा खटला संपेपर्यंत इथे राहू द्या, या तिच्या अर्जाला समुपदेशकांचा अहवाल लागणार होता. ती दाराकडे तोंड करून बसली.

समुपदेशकांनी विचारलं, "झोप का लागत नाही?"

"पट्ट्याने मारायचा. अजून दार वाजलं की अंग चोरते."

ते इंग्रजीत म्हणायची मलाच लाज वाटली. "घरात वाद व्हायचे," असं मी सांगितलं.

तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "भाऊ, पट्टा कुठं गेला? बेल्ट म्हणतात, एवढं मलाही कळतं. लाज वाटत असेल तर बाहेर बसा. मला इथं राहायचंय."

मी माफी मागितली आणि सगळं पुन्हा, जसंच्या तसं सांगितलं.

त्या संध्याकाळी कदमबाईंना पत्र लिहिलं:

"बाई, आज माझ्या सभ्यपणाने एकीचं दुःख अहवालातून पुसलंच होतं. तिने ते परत सांगायला लावलं. अर्जाचं काय होईल ठाऊक नाही, पण अहवालात पट्टा आहे."